सोसायटीत 'माणूस आला कुठून' शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

घोडबंदरकर

मंडळी, एका भानगडीत अडकलोय, सोडवा.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. सात टॉवर, त्यामुळे कशावरही सात मतं. गणपतीत प्रश्नमंजूषा माझ्याकडे होती. त्यात मी टाकलं, "माणूस माकडापासून झाला : चूक की बरोबर?" माझ्या कागदावर उत्तर होतं 'चूक'. बी टॉवरच्या संघाने 'बरोबर' म्हटलं, मी गुण दिले नाहीत आणि आरती अर्धा तास लांबली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला एवढं कळतंय ना, मग तुम्हीच शिकवा." चार रविवार, क्लब हाउस, श्रोते वय वर्षे नऊ ते पंचाहत्तर.

मी बँकेतून निवृत्त. गेली दोन-तीन वर्षं या विषयावर जमेल ते वाचतोय, एवढंच भांडवल. पहिल्या मसुद्यात पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली होती. बायकोने पाचवी स्लाइड बघितली आणि म्हणाली, "माणूस येईपर्यंत लोक घरी जातील."

तर प्रश्न असा की अगदी नवख्या माणसाला हा विषय पहिल्या तासात कशाने धरून ठेवेल? जीवाश्म, डार्विन, डीएनए, की आणखी काही?

---

तिरकस_तात्या

मेंटेनन्स थकवणाऱ्यांपासून सुरुवात करा. जिवंत जीवाश्म समोरच बसलेले असतील.

---

वाशीवाली

मी अठरा वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. पहिला सल्ला : ते एका ओळीत चालणारं चित्र लावू नका. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं कमी वाकलेलं, शेवटी ताठ चालणारा गोरा पुरुष. मूळ चित्र १९६५ साली रूडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने काढलं, पुढे त्याच्या इतक्या नकला निघाल्या की आता ते टी-शर्टावरही असतं. एकदा ते डोक्यात बसलं की मूल विचारतंच, "मग येऊरची माकडं अजून माणूस का झाली नाहीत?"

मी रेल्वेचा नकाशा काढायचे. ठाण्याहून गाडी कल्याणला जाते. तिथून एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला. कसारा लोकल कर्जतहून येते का? नाही. दोघींचं कल्याण एक. आपण कसारा, चिंपांझी कर्जत. साधारण साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी आपलं कल्याण एक होतं. ते कल्याण म्हणजे ना माणूस, ना आजचा चिंपांझी.

सगळ्या वर्गाला एका मिनिटात कळायचं, कारण कर्जत लोकलमध्ये चुकून बसलेला मामा प्रत्येकाच्या घरात असतो.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

उदाहरण झकास. पण आपण कसारा का? कर्जत जास्त हिरवं आहे.

---

पारसिक

वाशीवाली, एक खुसपट. रूळ फुटले की फुटले, पुन्हा एक होत नाहीत. माणसाच्या बाबतीत तसं झालं नाही. निअँडरथल नावाचे प्राचीन मानव आपल्यापासून वेगळे झाले, लाखो वर्षं वेगळे राहिले, आणि पुन्हा भेटल्यावर संकर झाला. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत आजही एक-दोन टक्के निअँडरथलचा वाटा आहे, तुमच्या-माझ्याही. निअँडरथलचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१० साली वाचला गेला. स्वान्ते पेबो यांना २०२२ चं नोबेल या प्राचीन डीएनएच्या कामासाठीच मिळालं. त्याच २०१० मध्ये सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या करंगळीच्या हाडाच्या तुकड्यावरून आणखी एक मानवगट कळला. आधी डीएनए कळला, चेहरा माहीतच नव्हता!

म्हणून मी म्हणेन, रेल्वे नको, खाडी घ्या. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला खाली बघा. पाणी फुटतं, पुढे जाऊन पुन्हा मिळतं, काही फाटे चिखलात जिरून जातात.

---

वाशीवाली

@पारसिक, मान्य. पण पहिल्या तासाला रेल्वे, तिसऱ्याला खाडी. सगळं एकदम सांगितलं की पोरं दप्तर भरायला लागतात.

---

कवटीमहांकाळ

(नावावर जाऊ नका, गाव खरंच सांगली जिल्ह्यातलं. सध्या मुक्काम कोपरखैरणे.)

हा विषय मी एमएला शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो.

लोकांना वाटतं जैविक मानवशास्त्र म्हणजे खोदकाम आणि कवट्या. तो एक कोपरा झाला. माकडा-वानरांचं वागणं बघत महिनोन्महिने जंगलात बसणारे याच विषयातले. हाडावरून वय, लिंग, आजार सांगणारे याच विषयातले, पोलिसांना कधीकधी लागतात ते हेच. कुठल्या भागात कुठला रक्तदोष जास्त आणि का, हाही याच विषयातला प्रश्न. माणूस हा एक प्राणी आहे असं धरून त्याच्याकडे बघायचं, एवढंच सूत्र.

त्यामुळे धागाकर्त्यांना माझं सांगणं : जीवाश्म दुसऱ्या रविवारी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचं शरीर दाखवा. साहित्य फुकट आणि प्रत्येकाने बरोबर आणलेलं.

आत्ता करून बघा. तळहात आपल्याकडे करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी टरारून वर आली? ती पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा. काही लोकांना ती एका हाताला नसते, काहींना दोन्ही हातांना. कुठल्या समाजात किती जणांना नसते याचं प्रमाण बदलतं. नसली म्हणून पकड कमी होत नाही. शस्त्रक्रियेत दुसरीकडे कंडरा जोडायची झाली तर सर्जन खुशाल हीच काढून वापरतात.

आता वर्गात चाळीस जण असतील तर पाच-सहा जणांना ती नसण्याची शक्यता बरीच. म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यात फरक असतात हे सांगायची गरजच उरत नाही, शेजारच्याचा हात धरून दिसतं. उत्क्रांतीला कच्चा माल लागतो तो हाच.

---

सीवूड्सची_सई

उजव्याला आहे, डाव्याला नाही!!! पस्तीस वर्षं हा हात वापरतेय आणि आज कळतंय.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

दोन्हीला आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये करून बघितलं. साहेबांना वाटलं मी काहीतरी खूण करतोय.

---

नौपाड्याची_नात

आजीला नाही, आईला नाही, मला आहे. बाबांना विचारून सांगते.

---

हाडाचा_डॉक्टर

व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ, म्हणून आयडी दोन्ही अर्थांनी खरा.

कवटीमहांकाळ यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि भर घालतो. तुमच्या श्रोत्यांत पन्नाशीच्या पुढचे निम्मे असतील तर पहिलाच प्रश्न विचारा : कंबर कोणाची दुखते? सगळे हात वर. ती दोन पायांवर चालण्याची किंमत आहे. चार पायांवर कण्याचं काम पुलासारखं होतं. आपण तोच पूल उभा केला आणि त्याचा खांब केला. पडू नये म्हणून कमरेत आत वळण आलं, आणि त्या वळणाच्या तळाशी सगळा भार. माझ्या दवाखान्याचं भाडं त्या खालच्या दोन मणक्यांवर निघतं.

दुसरी गंमत गुडघ्याची. आपलं मांडीचं हाड खुब्याकडून गुडघ्याकडे येताना आत झुकतं, म्हणून चालताना पावलं शरीराच्या मधोमध पडतात. चिंपांझीचं सरळ खाली येतं, म्हणून तो दोन पायांवर चालला की अस्वलासारखा डुलतो. आता हे बघा, इथिओपियात हदारला डोनाल्ड जोहान्सन यांना १९७३ साली आधी नुसता गुडघा सापडला होता. मांडीचं टोक आणि नडगीचं टोक, बस्स. पण ते जोडल्यावर हाच आतला झोक दिसला आणि कळलं की हा प्राणी ताठ चालत होता. लुसी, तिथलीच एक आदिमानव मादी, मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७४ मध्ये. बत्तीस लाख वर्षं जुनी, सांगाड्याचा सुमारे चाळीस टक्के भाग. मेंदू जवळपास चिंपांझीएवढा, चाल माणसाची. म्हणजे आधी पाय, डोकं फार नंतर. ज्यांना वाटतं की आधी अक्कल आली आणि मग आपण उठून उभे राहिलो, त्यांनी हा गुडघा बघावा.

घोडबंदरकर, माझ्याकडे शिकायच्या काळातली प्लास्टिकची कवटी आणि कमरेची हाडं पडून आहेत. कॅडबरी जंक्शनला येऊन घेऊन जा. परत करा म्हणजे झालं.

---

तिरकस_तात्या

डॉक्टरसाहेब, अक्कल अजून यायचीय. फक्त दाढ आली, तीही काढली.

---

जुनाट

तुम्ही सगळे लुसी-लुसी करताय म्हणून आठवलं. मी १९७४ ला अकरावी झालो. आमच्या मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं होतं की माणसाचा पहिला पूर्वज आपला! रामापिथेकस, शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला. नावात राम, मग काय विचारता. मी परीक्षेत दीड पान लिहिलं.

मग हळूच तो पुस्तकांतून गायब झाला. कोणी मला कळवलं नाही. त्याचं पुढे काय झालं?

---

कवटीमहांकाळ

@जुनाट काका, बरं झालं विचारलंत. ही गोष्ट तर पहिल्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

जी. एडवर्ड लुइस या तरुण संशोधकाला १९३२ साली शिवालिकमध्ये वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. पुढे १९६०च्या दशकात मोठ्या अभ्यासकांनी त्याला मानववंशात बसवलं, सगळं जबड्याच्या आणि दातांच्या तुकड्यांवरून. तेवढ्यात १९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं की माणूस आणि आफ्रिकन एप (चिंपांझी, गोरिला) साधारण पन्नास लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग त्याच्या कितीतरी आधीचा रामापिथेकस आपला पूर्वज कसा? हाडवाले चिडले. नंतर पाकिस्तानातल्या पोतवारच्या पठारावर शिवापिथेकस या प्राचीन एपचा चेहरा मिळाला, तो थेट ओरांगउटानच्या वळणाचा. आणि रामापिथेकस म्हणजे बहुधा त्याचीच लहान चणीची मादी. असा राम शिवात विलीन झाला.

तुमच्या मास्तरांनी खोटं शिकवलं नव्हतं. त्या वर्षी तेच बरोबर होतं. तुमचं दीड पान वाया गेलं, पण तुमच्या उत्तरपत्रिकेतल्या चुकीला जगातल्या चांगल्या चांगल्या लोकांची सोबत होती.

---

जुनाट

पन्नास वर्षांनी निकाल लागला म्हणायचा. सात गुण मिळाले होते, परत मागू नका.

---

सनातन_सत्य

पाश्चात्त्यांनी आज सांगितलं ते आपल्याकडे दशावतारात आहेच. मत्स्य, मग कूर्म, वराह, नृसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणूस. हे मुलांना का सांगत नाही?

---

वाशीवाली

@सनातन_सत्य, गोष्ट म्हणून मी वर्गात सांगितली आहे, मुलं ऐकतातही छान. पण दोन ठिकाणी अडते. अवतारांत एकच विष्णू ठरवून, हेतूने, वेगवेगळी रूपं घेतो. उत्क्रांतीत ठरवणारं कोणी नाही. आणि तिथे मत्स्य जाऊन कूर्म येतो, इथे मासे गेलेले नाहीत, उलट त्यांचा फाटाही तितकीच वर्षं बदलत आलाय. सोमवारी सकाळी करंजा धक्क्यावर जाऊन बघा.

---

खाडीकाठ

अवांतर होतंय पण राहवत नाही. या सगळ्या भांडणाचं अर्धं मूळ भाषेत आहे असं मला वाटतं. इंग्रजीत शेपटीवाल्यांना आणि बिनशेपटीच्यांना वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, आणि वानरांचा दांडगा म्होरक्या तो हुप्प्या. बिनशेपटीचा प्राणी महाराष्ट्रात कोणी कधी पाहिलाच नाही. भारतात एकटा गिबन, तोही पार ईशान्येला. मग शब्द कुठून येणार? 'कपी' म्हणतात, पण मारुतीलाही कपीच म्हणतात आणि त्याची शेपूट तर जगप्रसिद्ध. शेवटी 'एप' असंच लिहावं लागतं.

'माणूस माकडापासून झाला' या वाक्यात म्हणूनच डार्विनपेक्षा मराठीचा दोष जास्त. बी टॉवरला अर्धा गुण द्या.

---

घोडबंदरकर

@खाडीकाठ, अर्धा गुण दिला तर ते जिंकतात. शक्य नाही.

---

नौपाड्याची_नात

माझ्या चुलतभावाने थुंकी पाठवून डीएनए चाचणी केली आणि आता लग्नसमारंभात सांगत फिरतो की आपण अमुक टक्के 'तिकडचे'. हे वर्गात निघालं तर काय सांगायचं? आमच्याकडे त्यावरून दोन काका बोलत नाहीत.

---

कवटीमहांकाळ

निघणारच, तयारी ठेवा. तिथे इरावती कर्वे यांची गोष्ट सांगा. डेक्कन कॉलेजच्या आधी त्या बर्लिनला शिकायला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचे मोठे पुरस्कर्ते. बाईंना काम मिळालं कवट्यांचं : डावी-उजवी बाजू किती असमान आहे ते मोजायचं. गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या निघतील अशी गुरुजींची अपेक्षा. बाईंनी मोजल्या, आणि वंशावरून असा काही फरक निघत नाही असं तिथेच, त्यांच्याच संस्थेत बसून लिहिलं. १९३० साली. परक्या देशात, गुरूच्या नाकावर टिच्चून. तुमच्या काकांना सांगा, कवट्या हातात घेऊन बघितलेल्या बाईचं हे मत आहे.

---

सीवूड्सची_सई

एक बाळबोध प्रश्न. आता औषधं आहेत, एसी आहे, मग उत्क्रांती थांबली ना?

---

हाडाचा_डॉक्टर

नाही. दूध घ्या. सस्तन प्राण्यांची पिल्लं मोठी झाली की दुधातली साखर पचवणारं विकर बंद होतं. जगातल्या बहुसंख्य मोठ्या माणसांचंही होतं. गुरं पाळणाऱ्या काही समाजांत ते चालू ठेवणारे बदल पसरले, युरोपात एक, पूर्व आफ्रिकेत वेगळे. सगळं गेल्या दहा हजार वर्षांतलं. तुम्हाला ग्लासभर दुधाने पोट फुगतं आणि ताक चालतं, तर बिघाड तुमच्यात नाही. तुम्ही जुन्या वळणाचे, इतकंच.

सिकल सेल घ्या. नंदुरबार-गडचिरोलीकडे हा आजार बराच दिसतो. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आयुष्यभराचं दुखणं. एकाकडूनच आला तर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण. हा संबंध अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवला. जिथे डास तिथे तो जनुक टिकला. इंटर्नशिपला असताना अशा एका मुलाच्या पायाशी रात्रभर बसलो होतो, तेव्हापासून 'निसर्ग योग्य तेच निवडतो' हे वाक्य मला ऐकवत नाही.

---

पारसिक

डॉक्टर, शेवटच्या ओळीला दंडवत.

घोडबंदरकर, कालरेषेसाठी एक युक्ती. फळ्यावर काढू नका, सुतळी घ्या. सत्तर मीटर. एक मीटर म्हणजे लाख वर्षं, एक सेंटीमीटर म्हणजे हजार. कपड्यांचे चिमटे लावत जा. पार्किंगमध्ये होईल.

---

घोडबंदरकर

पहिला रविवार झाला! वृत्तांत.

अठ्ठावीस येतील म्हटलं होतं, त्रेपन्न आले. त्यातले दहा नक्की भांडायला.

डॉक्टरांची कवटी कापडी पिशवीतून आणली. लिफ्टमध्ये पिशवीचा बंद सुटला आणि सहाव्या मजल्यावर आत येणाऱ्या वहिनी आल्या पावली परत गेल्या. वर्गात मात्र तिनेच काम केलं. कवटी उलटी करून तळाचं भोक दाखवलं, कण्यातला मज्जारज्जू जिथून आत शिरतो ते. आपलं बरोबर मधे, कारण डोकं खांबावर ठेवल्यासारखं. चार पायांच्या प्राण्याचं मागे. एका मुलाने लगेच स्वतःच्या मानेला हात लावला, मग घरच्या कुत्र्याच्या.

मनगटाच्या दोरीचा खेळ केला. त्रेपन्नात नऊ जणांना निदान एका हाताला नाही. त्यात सेक्रेटरी निघाले. त्यानंतर कोणी भांडलं नाही.

मग सुतळी. आमचं पार्किंग सरळ बावन्न मीटरच भरलं, म्हणून खांबाला वळसा घालून आणली. सत्तर लाखांचं टोक वॉचमन दादांच्या हातात दिलं, त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आजपासून मागे मोजत बत्तीस मीटरवर लुसी. साडेछत्तीसच्या थोडं पुढे टांझानियातल्या लेटोलीची पावलं, जी मेरी लीकी यांच्या पथकाला ओल्या राखेत उमटून दगड झालेली मिळाली. पंधरा मीटरवर चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या दगडी हातकुऱ्हाडी. तीन मीटरवर आपली जात, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला सापडलेली. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेल्या कवटीचा चिमटा मात्र मुलांनी तीनदा हलवला, कारण तिच्या वयावर तज्ज्ञांचंच एकमत नाही असं मी सांगून बसलो.

शेवटच्या टोकाला सगळे गुडघ्यावर बसले. साडेतीन ते पावणेतीन सेंटीमीटर : इनामगाव, घोड नदीकाठची प्राचीन वस्ती. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली लहान मुलं, आणि घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं. पाय का तोडले यावर वीस मिनिटं गेली. "पळून जाऊ नयेत म्हणून" असं एका छोट्या मुलीने सांगितलं, आणि अभ्यासकांतही असा एक अंदाज आहेच.

शिवरायांचा राज्याभिषेक साडेतीन मिलिमीटर. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ ला आलेली पहिली आगगाडी, पावणेदोन. तिथे चिमटा लावताच येईना. एका आजोबांनी चष्मा काढून सुतळी डोळ्याजवळ धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

घोळ एकच. नऊ वर्षांच्या पोराने विचारलं, "काका, डायनोसॉरचा चिमटा?" हिशेब केला, सहा कोटी साठ लाख म्हणजे सहाशे साठ मीटर. आता त्याला सुतळी गेटबाहेर पुढच्या सिग्नलपर्यंत न्यायची आहे आणि त्याच्या मागे अकरा पोरं आहेत. सेक्रेटरी परवानगी देत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी येऊरला माकडं बघायला. खायला द्यायचं नाही, फक्त वही. लाल तोंडाचं गालाच्या पिशवीत भरून ठेवतं, वानर पाला खात बसतं, एवढं टिपलं तरी पुरे. तिसऱ्या रविवारी खाडी.

---

वाशीवाली

सहाशे साठ मीटर सुतळीचे पैसे मी देते. पोरांना जाऊ द्या.

---

खाडीकाठ

बी टॉवरचं काय झालं?

---

घोडबंदरकर

@खाडीकाठ, अर्धा गुण दिला. वळसा घालायचा खांब त्यांच्या पार्किंगमधला होता.

---

तिरकस_तात्या

आत्ता करून बघितलं. मला दोन्ही हातांना दोरी नाही, हिला दोन्हीला आहे. घरात आता जास्त उत्क्रांत कोण यावर सकाळपासून चहा बंद आहे.

---

कवटीमहांकाळ

तात्या, उत्क्रांतीत जास्त-कमी काही नसतं.

---

तिरकस_तात्या

हे तुम्ही कोपरखैरण्याहून येऊन तिला सांगा. चहा मी करतो.